विहिरीत पोहायला शिकलेल्यांसाठी स्कूबा: सोलापूर ते हॅवलॉक

सोलापूर, मोहोळ, बार्शीकडची पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला डबा बांधायचा, थोरल्याने ढकलून द्यायचं, की महिनाभरात सूर मारता येतो. पुढची इयत्ता म्हणजे बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येणं आणि कोण जास्त वेळ दम कोंडतो याची पैज. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं, शिकताना यातलं पाण्याची भीती नसणं तेवढं कामाला येतं. दम कोंडायची सवय मात्र विहिरीच्या काठावरच ठेवून निघायचं. सिलिंडरमधली हवा घेताना श्वास रोखून वर आलात तर जीव जाऊ शकतो. कसा, ते खाली सांगितलं आहे.

चार-पाच मित्र पाठीवर सॅक टाकून अंदमानला, तिथल्या हॅवलॉक बेटावर निघणार आहेत आणि तिथे नुसती एक चक्कर न मारता रीतसर शिकून यायचं आहे, असं धरून हे लिहिलं आहे. यातलं निम्मं काम सोलापुरातच उरकण्यासारखं आहे.

कोर्स कोणता घ्यायचा

तिथले स्कूबाचे दुकानदार दोन गोष्टी विकतात. पहिली चाखून बघायची डाइव्ह. तासभराची तोंडओळख आणि मग प्रशिक्षक तुमच्या मागे टाकीला धरून तुम्हाला फिरवून आणतो. जास्तीत जास्त 12 मीटर, पोहता आलं नाही तरी चालतं, शिकून मात्र काही होत नाही. दुसरा ‘ओपन वॉटर डायव्हर’ कोर्स. पॅडी आणि एसएसआय या दोन संस्थांची कार्डं जगभर चालतात आणि दोन्हींत खरा फरक प्रशिक्षकाचा असतो, संस्थेचा नाही. कोर्सला तीन ते चार दिवस लागतात. थिअरी, उथळ शांत पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह असे तीन भाग. कार्ड मिळालं की जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत उतरता येतं. कार्डाला मुदत नसते, पण वर्षभर पाण्यात गेला नाहीत तर उजळणी करूनच उतरा.

ठरवण्याआधी दुकानाला फोन करून विचारा: समुद्रात एका प्रशिक्षकामागे किती जण? पॅडीच्या नियमाने आठ चालतात, पण चारच्या वर असतील तर दुसरं दुकान बघा. होडीवर ऑक्सिजनची किट असते का? डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं यंत्र, प्रत्येकाला मिळतो का? कार्डाची फी, साहित्याचं भाडं, ई-लर्निंगचे पैसे आत धरलेत का वेगळे? स्वस्तात पडलेला कोर्स बहुधा या शेवटच्या प्रश्नात महाग होतो.

निघायच्या महिनाभर आधी

सगळ्यात पहिलं, वैद्यकीय प्रश्नावली उतरवून घ्या आणि प्रत्येकाने ती खरी भरा. दमा, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा आजार यातलं काही असेल तर डॉक्टरची सही लागते. ही सही सोलापुरात घ्या. बेटावर पोचल्यावर ‘हो’वर टिक केली की त्या दिवशी डाइव्ह बंद, आणि मग पैसे वाचवायला लोक ‘नाही’ लिहितात. दमा असलेल्याने असं खोटं लिहिणं फार वाईट, कारण आकसलेल्या श्वासनलिकेत हवा अडकते आणि वर येताना तीच फुगते.

पोहण्याची परीक्षा सोपी आहे: 200 मीटर न थांबता, कोणत्याही पद्धतीने, वेळेचं बंधन नाही. शिवाय 10 मिनिटं आधाराविना तरंगणं. 25 मीटरच्या तलावात 200 म्हणजे आठ फेऱ्या. विहिरीत शिकलेल्यांची अडचण इथेच येते. विहिरीत सूर मारून चार हात मारले की काठ लागतो, त्यामुळे सलग पोहायची सवय नसते आणि तिसऱ्या फेरीत धाप लागते. महिनाभर आठवड्यातून तीनदा जलतरण तलावावर जा, वेग वाढवू नका, श्वासाची लय बसवा.

थिअरी ई-लर्निंगने घरीच संपवा. आठ-दहा तासांचं काम आहे आणि ते इंग्रजीत असतं. गटातल्या एखाद्याला इंग्रजी जड जात असेल तर रोज संध्याकाळी एकत्र बसून वाचा. पॅडीच्या शेवटच्या परीक्षेत 50 प्रश्न, पास व्हायला 75 टक्के. बेटावर जाऊन व्हिडिओ बघत बसलात तर समुद्राचा एक दिवस खोलीत जातो.

आता बादलीचा सराव. यासारखा फुकट आणि उपयोगी सराव दुसरा नाही. नवशिक्यांची तारांबळ उडते ती मास्कमध्ये, म्हणजे डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या चष्म्यात, पाणी शिरल्यावर. नाकाला पाणी लागलं की माणूस नकळत नाकाने श्वास ओढतो, ठसका लागतो आणि तो वर पळतो. ही सवय घरी मोडता येते. मोठी बादली किंवा घंगाळ काठोकाठ भरा. तोंडात स्नॉर्कल, म्हणजे पाण्याबाहेरची हवा घ्यायची वाकडी नळी, धरा, मास्क लावू नका, नाक उघडं. चेहरा पाण्यात घाला आणि तोंडाने सावकाश श्वास घ्या, सोडा. पहिल्या दिवशी दहा सेकंदांत डोकं बाहेर येईल. नाकात पाणी चढल्यासारखं वाटतं, पण श्वास ओढला नाही तर ते नाकपुडीतच थांबतं. रोज पाच मिनिटं केलंत तर आठवडाभरात एक मिनिट जमतं. मग पुढची पायरी: तोंडाने श्वास आत, नाकाने बाहेर, बुडबुडे सोडत. मास्कमधलं पाणी काढायला नेमकं हेच लागतं. सराव करताना शेजारी कोणीतरी हवं, आणि दम कोंडायची पैज इथेही नको.

सगळं साहित्य भाड्याने मिळतं, विकत घ्यायचा तो फक्त मास्क. पट्टा डोक्यामागे न घेता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकी हवा ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. झुपकेदार मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपत राहणार. सगळी काढायची गरज नाही, नाकाच्या अगदी खाली बोटभरापेक्षा कमी, काडीएवढी पट्टी भादरली तरी सिलिकॉनला टेकायला जागा होते. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर सारखं धुकं धरेल. चष्मेवाल्यांना नंबरचा मास्क मिळतो. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण प्रशिक्षकाला आधी सांगा.

तारखांचं गणित

अंदमानचा कोरडा मोसम साधारण डिसेंबर ते एप्रिल. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई किंवा हैदराबाद गाठायचं आणि तिथून पोर्ट ब्लेअरचं विमान. 2024 पासून त्याचं अधिकृत नाव श्री विजय पुरम आहे. पुढे बोटीने हॅवलॉक, म्हणजे 2018 पासूनचं स्वराज द्वीप. खासगी बोट दीड-दोन तासांत पोचवते, सरकारी बोट स्वस्त पण जास्त वेळ घेते. भारतीयांना इथे परवाना लागत नाही, ओळखपत्र जवळ ठेवा. पोचल्याच्या दिवशी कोर्स सुरू करू नका. रात्रीची गाडी, पहाटेचं विमान, वर बोट लागलेली, अशा माणसाचे कान आणि डोकं दोन्ही चालत नाहीत.

परतीचं तिकीट काढताना पॅडीचा नियम लक्षात ठेवा: अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसायला किमान 18 तासांचं अंतर हवं, आणि 24 ठेवलंत तर बरं. खोलवर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. विमानातला दाब कमी असल्याने त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखे. म्हणून शेवटची डाइव्ह सकाळी, दुपारी बोटीने पोर्ट ब्लेअर, आणि दुसरा अख्खा दिवस सेल्युलर जेल. ती कोठडी घाईत बघायची जागा नाहीच. मात्र त्या दिवशी माउंट हॅरिएटवर जाऊ नका. साडेतीनशे मीटरच्या वर उंची आहे, आणि डाइव्हनंतर 300 मीटरच्या वरची जागा उंचीतच धरतात.

साहित्याची जोडणी

पहिल्याच दिवशी हे शिकवतात आणि रोज स्वतः करावं लागतं. टाकीत असते ती साधी हवा, ऑक्सिजन नव्हे. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीची क्षमता 11 लिटरच्या आसपास, दाब 200 बार (बार म्हणजे दाबाचं माप), रिकामं वजन 14 किलोच्या घरात.

टाकी उभी करून बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जाकीट, तिच्यावर सरकवा. पट्टा आधी पाण्यात भिजवा, कोरडा आवळला तर ओला झाल्यावर सैल पडतो आणि टाकी घसरते. आवळून झाल्यावर जाकीट धरून टाकी उचलून बघा, हलली तर परत आवळा. मग व्हॉल्व्हमधली ओ-रिंग बघा. घरी गॅसची टाकी लावताना आपण वॉशर बघतो तेच काम. चिरलेली असेल तर बदलून घ्या. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, बसवताना तोंडात धरायच्या दोन्ही नळ्या (एक आपली, एक जादाची) उजवीकडे, जाकिटाची नळी आणि दाबाचं घड्याळ डावीकडे. स्क्रू बोटांनीच आवळा. घड्याळाची काच स्वतःकडे किंवा कोणाकडे न करता व्हॉल्व्ह सावकाश पूर्ण उघडा. फुस्स आवाज आला तर बंद करून ओ-रिंग परत बघा.

आता घड्याळाकडे बघत रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घ्या. काटा 200 वर स्थिर हवा. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवटच उघडा आहे. वर हवा पुरते, खाली गेल्यावर मात्र ओढूनही येत नाही. हवेला तेलकट किंवा कसला वास आला तर ती टाकी परत करा. जोडलेली टाकी आडवी ठेवा, हलत्या होडीत उभी टाकी पडते आणि कोणाच्या तरी पायाच्या बोटावरच पडते.

कान

घाटात गाडी चढली-उतरली की कानात दडे बसतात, तोच प्रकार इथे फार लवकर होतो. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणजे कानाच्या पडद्यामागची हवा निम्म्या जागेत दबते. त्यातला सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो. म्हणून सुरुवात पाण्याच्या वरच करायची: नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकं फुंका, दोन्ही कानांत टक् होईल. खाली जाताना पाय खाली, डोकं वर ठेवा, दोरी धरा आणि दर अर्ध्या मीटरला हेच करा. दुखायला लागल्यावर करायचं नाही, दुखायच्या आधी करायचं. एकदा दुखलं म्हणजे कान आणि घसा जोडणारी नळी दाबाने मिटलेली असते आणि कितीही फुंकलं तरी उघडत नाही. अशा वेळी मीटरभर वर या, मोकळं करा, मग पुन्हा खाली. जोर लावून फुंकलं तर आतल्या कानाला इजा होते.

गटात एकाचा तरी एक कान हट्टी निघतोच. बाकीच्यांनी खाली थांबून त्याला घाईचे हातवारे करायचे नाहीत. सर्दी झालेल्याने त्या दिवशी काठावर बसायचं. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला, तर फुगलेली हवा वर येताना अडकते. ते दुखणं उतरतानापेक्षा वाईट, कारण वर तर यावंच लागतं.

मास्कलाही हाच दाब बसतो. खाली जाताना मधूनमधून नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडा, नाहीतर मास्क चेहऱ्याला ओढून धरतो आणि डोळे लाल होतात.

श्वास, आणि वर येणं

विहिरीत बुडी मारताना दम वरच्या हवेने भरलेला असतो. खाली ती हवा आकसते, वर आलं की मूळच्या एवढी होते. म्हणून विहिरीत फुप्फुसं फाटत नाहीत. स्कूबात 10 मीटरवर छाती भरून हवा घेतलीत तर ती वरच्या दोन छात्यांएवढी असते. दम कोंडून वर आलात तर ती जाणार कुठे? दीड-दोन मीटरवरूनही इजा होऊ शकते, म्हणजे सरावाच्या उथळ पाण्यातसुद्धा. रेग्युलेटर तोंडात असेपर्यंत श्वास चालू ठेवा, आणि तोंडातून काढलात तर ‘आऽऽ’ म्हणत बारीक बुडबुडे सोडत राहा.

वर यायचा वेग मिनिटाला 9 मीटरच्या आत ठेवा, स्वतःच्या बारीक बुडबुड्यांच्या पुढे जाऊ नका. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा. वर येताना जाकिटातली हवाही फुगते, ती सोडली नाही तर जाकीटच तुम्हाला फुग्यासारखं वर नेतं. डाव्या हातात जाकिटाची नळी उंच धरून थोडी थोडी हवा सोडत या.

मास्कमधलं पाणी काढताना बोटांनी मास्कची वरची कड कपाळाला दाबा, नाकाने सलग हवा सोडा आणि ती सोडत असतानाच मान वर करा. फसण्याची कारणं दोन: खालची कड उचलली जाते, किंवा एकदम जोरात फुंकून हवा संपते. बादलीचा सराव झालेला असेल तर हे दुसऱ्या प्रयत्नात जमतं. तोंडातून सुटलेला रेग्युलेटर शोधायला उजवीकडे झुका, हात मांडीजवळून मागे नेऊन गोल फिरवून पुढे आणा, नळी हातावर येते. तोंडात धरल्यावर आधी फुंका, मग श्वास घ्या.

तरंगणं मात्र शिकवून येत नाही, हळूहळूच बसतं. सगळ्यांची चूक सारखीच: कमरेला जास्त शिसं (खाली जायला बांधतात ते वजन). वजन बघायचं तर पाण्यावर उभे राहून जाकीट रिकामं करा आणि नेहमीसारखा श्वास धरून ठेवा (डोकं पाण्याबाहेर असल्याने इथे तो धरायला हरकत नाही). पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं आणि श्वास सोडला की खाली जायला हवं. टाकी भरलेली असेल तर यावर दोनेक किलो जास्त धरा, कारण टाकीतली हवा संपली की तेवढी हलकी होते. खाली गेल्यावर वर-खाली व्हायला जाकिटाचं बटण दाबत बसू नका. श्वास घेतला की दोन-तीन सेकंदांनी शरीर वर उचलतं, सोडला की बसतं. तो उशीर समजला की तरंगणं जमलं. हाताने पाणी मारायची विहिरीतली सवय इथे नुसती हवा खाते आणि प्रवाळ मोडते.

हवेचा हिशेब

टाकी 11 लिटर गुणिले 200 बार म्हणजे 2,200 लिटर हवा. 50 बार राखून वर यायचं, तेव्हा वापरायला 1,650. वर मिनिटाला 20 लिटर लागत असतील तर 10 मीटरवर 40 लागतात, म्हणजे 41 मिनिटं. 18 मीटरवर दाब 2.8 पट, म्हणून 56, म्हणजे 29 मिनिटं. घाबरलेला किंवा हातपाय मारणारा याच्या दीडपट खातो. गटातल्या ज्याची हवा आधी 100 वर येते त्याने लगेच सांगायचं आणि सगळ्यांनी त्याच्या हिशेबाने परतायचं. जास्त हवा उरवण्याची चुरस लावलीत तर लोक श्वास राखून ठेवतात, आणि ते किती महागात पडतं ते वर आलंच आहे.

खुणा जमिनीवर पाठ करा. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. मस्त सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. आडवा पंजा डोलवला तर काहीतरी अडचण आहे, मग ज्या अवयवात आहे तिकडे बोट. मूठ छातीवर म्हणजे हवा कमी, गळ्यावरून आडवा हात म्हणजे हवा संपली. हवा संपली म्हणणाऱ्याला पिवळ्या नळीचा जादाचा रेग्युलेटर द्यायचा आणि एकमेकांचा दंड धरून वर यायचं.

खाण्याचं थोडं: आडवं पोहताना पोटातलं आम्ल घशाशी येतं, त्यामुळे डाइव्हच्या सकाळी लसणीची शेंगा चटणी नको, ती संध्याकाळी. कडक भाकरी सॅकमध्ये आठवडाभर टिकते, तिच्यासारखा शिधा नाही. टाकीतली हवा कोरडी असते, पाणी भरपूर प्या. आदल्या रात्रीची दारू अंगात असताना उतरू नका. सोलापुरी टर्किश टॉवेल दमट हवेत दोन दिवस वाळत नाही, पातळ पंचा घ्या. शंख-प्रवाळ उचलून आणू नका, कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर तपासतात.

तारकर्लीला शिकणार असाल तर

अंदमान परवडत नसेल तर आपल्याच राज्यात तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीवरून करतात ती चाखून बघायची डाइव्ह, तिची कोर्सशी गल्लत करू नका. सोलापूरकरांची खरी चूक परतीच्या वाटेवर होते. दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी गाडी काढली की तीन तासांत आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढून माणूस सहाशे-सातशे मीटरवर येतो, आणि सोलापूरही समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहेच. विमानाला जो नियम तोच घाटाला लावा. शेवटची डाइव्ह सकाळी, रात्रीचा मुक्काम मालवणात, आणि दुसऱ्या दिवशी जेवून मग गाडी काढा. घाटात कोणाचा सांधा दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या किंवा विचित्र थकवा वाटला तर ‘प्रवासाचं असेल’ म्हणून पुढे रेटू नका. गाडी खाली वळवा, जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावायला सांगा, आणि डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की आम्ही काल स्कूबा केलं होतं.